विमा गाडीचा की माणसाचा? हीथ्रोहून येताना जप्त झालेल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळापासून पाऊण तासावरच्या एका गावात २०२४ च्या ऑगस्टमध्ये हे घडलं. मी इथे बरीच वर्षं राहतो आणि नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना कागदपत्रांच्या कामात जमेल तशी मदत करतो. त्यामुळे पहिल्या फोनपासून शेवटच्या पत्रापर्यंत सगळं माझ्यासमोर झालं. संबंधितांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघं मावसभाऊ आहेत, म्हणून त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणतो.

थोरला इथल्या रुग्णालयात नर्स आहे. इथली ड्रायव्हिंग टेस्ट त्याने पाच वर्षांपूर्वी दिली. गाडी त्याच्या नावावर, विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह, हप्ते वेळच्या वेळी भरलेले. पॉलिसीवर चालक म्हणून दोन नावं: त्याचं आणि बायकोचं.

धाकटा दोन वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर आला. पुण्यात त्याने दहा वर्षं गाडी चालवली होती. पण भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते, आणि तो परवाना बदलूनही मिळत नाही. म्हणून त्यानेही सगळं पहिल्यापासून केलं: प्रोव्हिजनल (शिकाऊ) परवाना, थिअरी, प्रॅक्टिकल. घटनेच्या वेळी ती परीक्षा पास होऊन १४ महिने झाले होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर फिरतं. त्याची स्वतःची गाडी नव्हती. कारखान्यात सकाळी सहाची पाळी आणि त्या वेळेला बस नाही, म्हणून तो एका सहकाऱ्याच्या गाडीतून जायचा आणि सप्टेंबरमध्ये स्वतःची गाडी घ्यायच्या बेतात होता.

धाकट्याचे आईवडील गणपतीसाठी पहिल्यांदाच इथे येत होते.

त्या रविवारी काय झालं

विमान रविवारी पहाटे उतरणार होतं. थोरल्याची शनिवारी रात्रपाळी होती आणि वहिनी मुलांना घेऊन नाशिकला गेलेल्या. शनिवारी संध्याकाळी जेवताना धाकट्याने विचारलं, "दादा, उद्या गाडी नेऊ का?" थोरला म्हणाला, "विचारतोस काय? घेऊन जा. फुल इन्शुरन्स आहे."

हे तेवढं एकच वाक्य. त्यावर धाकट्याने एक शहाणपणाची गोष्टही केली. रात्री त्याने गाडीचा नंबर विम्याच्या सरकारमान्य माहितीकोशात टाकून पाहिला. उत्तर आलं की गाडीचा विमा चालू आहे. तो निश्चिंत झोपला.

परतताना, आठ वाजायच्या सुमारास, मागून आलेल्या पोलिसांच्या गाडीने दिवे लावले. डाव्या बाजूचा ब्रेकलाइट लागत नव्हता. कारण एवढंच. पोलिसाने गाडी एका पेट्रोल पंपाच्या कडेला घ्यायला लावली, बल्ब गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, "गाडी कुणाची?" धाकट्याने खरं ते सांगितलं. पोलिसाने परवाना तपासला, नियंत्रण कक्षाशी बोलला आणि परत आला. या गाडीवर तुमचं नाव नाही, तुमची स्वतःची एखादी पॉलिसी आहे का? नव्हती.

त्याच वेळी मला फोन आला. "काका, दादा फोन उचलत नाहीये. गाडी घेऊन जातो म्हणतायत." रात्रपाळीत थोरल्याचा फोन लॉकरमध्ये असतो आणि कामाचा चार्ज दुसऱ्याला देऊन तो साडेआठला सुटतो. मी धाकट्याला म्हटलं, वाद घालू नकोस, काही लपवू नकोस, देतील तो कागद नीट ठेव.

पोलीस उद्धट नव्हता हे सांगायला हवं. पॉलिसीवर नाव असलेलं कुणी येऊन गाडी नेऊ शकेल का, असं त्याने दोनदा विचारलं. सामान काढून घ्यायला वेळ दिला. पण सव्वाआठला रिकव्हरी ट्रक आला. मावशींच्या, म्हणजे धाकट्याच्या आईच्या, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली शाडूची छोटी मूर्ती होती. नाशिकपासून त्यांनी ती हातातच आणली होती. मूर्ती छातीशी धरून त्या पंपाच्या कट्ट्यापाशी उभ्या राहिल्या, शेजारी चार बॅगा. गाडीची पुढची चाकं साखळीने ओढून वर घेतली जात होती. धाकट्याला त्या विचारत होत्या, "बंद पडली का रे गाडी?" धाकटा मला नंतर म्हणाला, "काका, मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?"

आठ चाळीसला थोरल्याने फोन पाहिला तेव्हा त्यावर अकरा मिस्ड कॉल होते.

मुळातला गैरसमज

दोघंही बेफिकीर नाहीत. फुकट चालवायला मिळते म्हणून कुणी विमा चुकवला नव्हता. चूक डोक्यातल्या एका समजुतीची होती, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात असते.

भारतात विमा गाडीचा असतो. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीतलं चालकाचं कलम असं असतं की विमाधारकासह कुणीही व्यक्ती, वैध परवाना असेल तर, ही गाडी चालवू शकते. म्हणून नाशिकला मेहुण्याची गाडी घेऊन आपण शिर्डीला जातो तेव्हा विम्याचा विचार मनात येत नाही, आणि यायचं कारणही नसतं. गाडी विकली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टी विमा गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जातो. विमा गाडीला चिकटलेला असतो.

इंग्लंडमध्ये विमा माणसाला चिकटलेला असतो. विम्याच्या सर्टिफिकेटवर गाडी कोण चालवू शकतो याची स्पष्ट ओळ असते. तिथे ज्याचं नाव नाही त्याच्यापुरती ती गाडी विम्याविना आहे, मालकाने कितीही पैसे भरलेले असोत. गाडी विकली तर पॉलिसी नव्या मालकाकडे जात नाही. "कॉम्प्रिहेन्सिव्ह" म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचीही भरपाई मिळते. कुणीही चालवावी असा त्याचा अर्थ नाही. थोरल्याच्या "फुल इन्शुरन्स" या दोन शब्दांत सगळा घोटाळा तिथे होता.

आणि धाकट्याने रात्री केलेली तपासणी? त्या सेवेत नंबर टाकला की गाडीवर विमा आहे की नाही एवढंच कळतं. चालवायचा हक्क कुणाला आहे ते जनतेला दिसत नाही, पोलिसांना दिसतं. चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मिळालं, आणि त्याने तो अधिकच निर्धास्त झाला.

कायदा काय म्हणतो

थर्ड पार्टी विमा ब्रिटनमध्ये १९३० पासून सक्तीचा आहे. आजचा आधार १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं कलम १४३. या कलमात हेतू पाहिला जात नाही. मला माहीत नव्हतं, हा बचाव होत नाही. मालकाच्या कामावर असताना मालकाचीच गाडी चालवणारा नोकर, ज्याला विमा नसल्याची कल्पना नव्हती, अशा मोजक्यांनाच सूट आहे. शिवाय चालवणारा एकटाच दोषी नाही, चालवू देणाराही तेवढाच दोषी आहे. हे दुसरं वाक्य फार थोड्यांना ठाऊक असतं.

पूर्वी पोलीस खटला भरायचे, पण गाडी त्याच माणसाच्या हातात राहायची. मी इथे आलो तेव्हा रस्त्यात थांबवलं तर सात दिवसांत पोलीस ठाण्यात कागद दाखवायची चिठ्ठी मिळायची. विमा नसलेला माणूस चिठ्ठी खिशात घालून तीच गाडी चालवत घरी जायचा. २००४ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाचे प्रा. डेव्हिड ग्रीनवे यांनी विमा नसलेल्या चालकांविषयी सरकारला अहवाल दिला, आणि २००५ मध्ये कायद्यात कलम १६५ अ आलं. गणवेशातल्या पोलिसाला विम्याचा पुरावा मिळाला नाही आणि गाडी विम्याविना चालवली जात असल्याचं मानायला सबळ कारण असलं, तर तो ती जागीच जप्त करू शकतो.

हा अधिकार मला योग्य वाटतो. विमा नसलेल्या गाडीखाली आलेल्या माणसाला मोटर इन्शुरर्स ब्युरो भरपाई देतो. १९४६ पासून हे काम तो करतो, आणि त्याचा पैसा प्रामाणिकपणे विमा भरणाऱ्यांच्या हप्त्यातूनच येतो. त्या रविवारी धाकट्याकडून कुणी पादचारी जखमी झाला असता तर त्याला भरपाई मिळाली असती, पण ती देणाऱ्या विमा कंपनीने, म्हणजे थोरल्याच्याच, ती रक्कम नंतर थोरल्याकडे मागितली असती. नाव नसलेल्या माणसाला गाडी देणाऱ्या विमाधारकाकडून वसुली करायची मुभा कायदाच कंपनीला देतो. आयुष्यभर फिटणार नाही एवढी ती रक्कम होऊ शकते. हे मी दोघांना दुसऱ्या दिवशी समजावलं तेव्हा थोरला बराच वेळ काही बोलला नाही.

रस्त्यावर कोणते पर्याय होते

धाकट्याने पंपावर उभं राहून फोनवरच एका दिवसाचं विम्याचं कव्हर घ्यायचा प्रयत्न केला. सुचणं साहजिक होतं, पण उपयोग नव्हता. कव्हर घेतल्या क्षणापासून लागू होतं. आधीच्या अर्ध्या तासाचा गुन्हा त्याने पुसला जात नाही, आणि गाडी विम्याविना चालवली गेली होती एवढं जप्तीला पुरतं.

दुसरा मार्ग म्हणजे पॉलिसीवरचं कुणीतरी येणं. जप्त करणं हा पोलिसाचा अधिकार आहे, त्याच्यावर सक्ती नाही. थोरला फोनवर सापडला असता आणि अर्ध्या तासात पोचला असता, तर गाडी त्याच्या ताब्यात देण्याचा विचार तो पोलीस करत होता असं त्याच्या प्रश्नांवरून वाटतं. गुन्हा तरीही नोंदला गेलाच असता. गाडी मात्र वाचली असती.

मी स्वतः जाऊ शकलो असतो का? काही कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसींमध्ये, बहुधा पंचविशीच्या पुढच्या विमाधारकाला, दुसऱ्याची गाडी थर्ड पार्टीपुरती चालवायची सोय असते. माझ्या पॉलिसीत ती आहे की नाही हे मला त्या क्षणी सांगता आलं नाही. नंतर पाहिलं. नव्हती. इतकी वर्षं इथे राहून, दुसऱ्यांचे कागद तपासून, स्वतःच्या सर्टिफिकेटवरची ती ओळ मी वाचली नव्हती. अशी सोय असणाऱ्याने सर्टिफिकेट फोनमध्येच ठेवावं. २०११ च्या प्रायर खटल्यात मित्राची गाडी चालवणाऱ्याने आपलं सर्टिफिकेट दाखवलं होतं, तरी पोलिसाने ते चुकीचं वाचून गाडी नेली. अपील न्यायालयाने ती जप्ती बेकायदा ठरवली. कागद हातात होता म्हणून तो माणूस टिकला.

गाडी सोडवताना

जप्तीच्या नोटिशीनुसार गाडीवर हक्क सांगायला कामकाजाचे सात दिवस असतात. त्यानंतर पोलीस तिची विल्हेवाट लावू शकतात, मात्र जप्तीपासून चौदा दिवस व्हायच्या आत नाही. उचलून नेण्याचे १९२ पौंड, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारी बारापासून दर चोवीस तासांना किंवा त्याच्या भागाला २६ पौंड.

धाकटा म्हणत होता, चूक माझी, एक दिवसाचा विमा काढून मीच गाडी आणतो. ते होणार नव्हतं. बहुतेक अल्पमुदतीच्या पॉलिसी जप्त गाडी सोडवायला चालत नाहीत, तसं त्यांच्या अटींत लिहिलेलं असतं. त्यासाठी वेगळ्या, बऱ्याच महाग पॉलिसी मिळतात. इथे त्याची गरज नव्हती, कारण थोरल्याची वार्षिक पॉलिसी शाबूत होती. आम्ही विमा कंपनीला फोन करून ती सोडवणुकीला चालेल ना, हे विचारून घेतलं आणि तसा ईमेल मागवला.

अडलं ते भलतीकडेच. गाडीचं लॉगबुक, म्हणजे व्ही-५-सी हा नोंदणीचा कागद, सोमवारी माळ्यावरच्या खोक्यात सापडलं आणि त्यावर जुना पत्ता निघाला. वसंतात घर बदललं तेव्हा थोरल्याने परवान्यावरचा आणि पॉलिसीवरचा पत्ता बदलला होता, लॉगबुकवरचा राहिला. मंगळवारी खिडकीवरून परत पाठवलं. बुधवारी दोन्ही पत्त्यांची काउन्सिल टॅक्सची बिलं घेऊन गेलो तेव्हा काम झालं. बुधवारी दुपारी गाडी बाहेर आली. १९२ अधिक तीन दिवसांचे ७८, एकूण २७० पौंड. रविवारीच मी लॉगबुकवरचा पत्ता विचारायला हवा होता. विचारला असता तर मंगळवारीच गाडी मिळाली असती.

एक सल्ला, जो घेतला नाही

सोमवारी संध्याकाळी घरी दोन-तीन स्नेही जमले होते. त्यांतल्या एकाने थोरल्याला सुचवलं, "तू सांग ना, मला माहीतच नव्हतं गाडी नेली ते. तुला कशाला उगाच पॉइंट?" पॉइंट म्हणजे वाहतुकीच्या गुन्ह्यासाठी परवान्यावर लागणारे दंडगुण.

या सल्ल्याला नियमांत खरोखर जागा आहे. गाडी कुणी नेली आहे हे मालकाला ठाऊक नव्हतं, त्याची संमती नव्हती आणि योग्य काळजी घेऊनही ते रोखता आलं नसतं, तर त्याला शुल्क माफ होतं आणि चालवू दिल्याचा गुन्हाही लागत नाही. चोरीला गेलेल्या गाडीच्या मालकासाठी ती तरतूद आहे. पण थोरल्याने तसं म्हटलं तर धाकटा काय ठरतो? मालकाच्या संमतीविना गाडी नेणारा. तो १९६८ च्या चोरीविषयक कायद्याखालचा फौजदारी गुन्हा आहे. विम्याच्या दंडातून सुटायला भावाला गुन्हेगार करायचं, आणि तेही खोटं बोलून. पोलिसांना खोटी माहिती देणं हा स्वतंत्र, कितीतरी गंभीर गुन्हा. शिवाय धाकट्याने पंपावर खरं सांगून ठेवलं होतं.

मी हे सगळं मांडायच्या आत थोरला म्हणाला, "मीच दिली होती गाडी. मावशीसमोर असलं काही बोलू नका." विषय तिथे संपला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता असं मला आजही वाटतं, आणि तो त्याने कुठलाही कायदा न विचारता घेतला.

दंड भरायचा की न्यायालयात जायचं

तीन आठवड्यांनी दोघांनाही पत्रं आली. धाकट्याला विम्याविना गाडी चालवल्याबद्दल, थोरल्याला चालवू दिल्याबद्दल. दोघांनाही फिक्स्ड पेनल्टी, म्हणजे न्यायालयात न जाता भरायचा ठरलेला दंड: ३०० पौंड आणि परवान्यावर ६ पॉइंट. स्वीकारायला २८ दिवस.

थोरल्याचं सोपं होतं. सहा पॉइंट नावावर राहतात, विम्याचा हप्ता वाढतो, पण परवाना जात नाही.

धाकट्यासाठी ते १४ महिने आडवे आले. १९९५ च्या नव्या चालकांविषयीच्या कायद्यानुसार पहिली परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की परवाना रद्द होतो. पुण्यातली दहा वर्षं इथे मोजली जात नाहीत. घड्याळ ब्रिटिश परीक्षेपासून सुरू होतं. एका ब्रेकलाइटपासून निघालेली गोष्ट थेट त्याच्या सहाच्या पाळीपर्यंत पोचली.

आम्ही एका सॉलिसिटरशी तासभर बोललो. न्यायालयात जाऊन "विशेष कारणं" मांडता येतात. ती मान्य झाली तर गुन्हा राहतो, पण पॉइंट लागत नाहीत. मात्र त्यासाठी वाजवी आधारावर दिशाभूल झालेली असावी लागते, उदाहरणार्थ विमा कंपनीनेच तुमचं नाव आहे असं सांगितलेलं असणं. भाऊ म्हणाला आणि मी सर्टिफिकेट पाहिलं नाही, हे त्यात बसवणं अवघड. पॉइंटांऐवजी न्यायालयाने काही महिन्यांची बंदी घातली तर परवाना रद्द होण्यातून सुटका होते, पण ते न्यायाधीशांच्या मर्जीवर, मागून मिळेल असं धरून चालता येत नाही. उलट हरलो तर दंडाला वरची मर्यादा नाही, खर्च अंगावर येतो, आणि मुख्य म्हणजे ती न्यायालयातली शिक्षा ठरते. वेळेत भरलेली फिक्स्ड पेनल्टी शिक्षा धरली जात नाही. न्यायालयाची शिक्षा मात्र व्हिसाच्या पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावी लागते. कामाच्या व्हिसावर असलेल्या मुलासाठी हा फरक फार मोठा होता.

दोन दिवस विचार करून धाकट्याने दंड भरला. माझं मतही तेच होतं. पण तो ब्रिटिश नागरिक असता, किंवा सर्टिफिकेटची भाषा खरोखर संदिग्ध असती, तर मी त्याला न्यायालयात जायला सांगितलं असतं.

निष्पत्ती

परवाना रद्द झाल्याचं डीव्हीएलएचं, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाचं, पत्र गणपतीनंतर आलं. पुन्हा प्रोव्हिजनलचे ३४, थिअरीचे २३, प्रॅक्टिकलचे ६२ पौंड. प्रॅक्टिकलची तारीख फेब्रुवारीतली मिळाली. तोवर धाकट्याने पाळी बदलून घेतली, महिन्याचे काही पैसे कमी झाले. स्वतःच्या गाडीचा बेत राहिला. फेब्रुवारीत तो पहिल्या प्रयत्नात पास झाला. सहा पॉइंट मात्र नव्या परवान्यावरही आले. ते गुन्ह्याच्या तारखेपासून चार वर्षं राहतात, आणि विमा कंपन्या पाच वर्षांचा हिशोब विचारतात.

सरकारी रकमाच मोजल्या तर गाडी सोडवायला २७०, दंड ६००, पुन्हा परवान्याला ११९. सगळे मिळून ९८९ पौंड. टॅक्सी, सॉलिसिटर, बुडालेली पाळी, वाढलेला हप्ता वेगळा. त्या रविवारपुरतं धाकट्याच्या नावाचं कव्हर कितीला पडलं असतं, ते मी नंतर त्याच्याच माहितीवर पाहिलं. २४ पौंड.

मावशींनी मूर्तीची स्थापना वेळेवर केली. गाडी बंद पडली नव्हती हे त्यांना गौरी जेवल्या त्या दिवशी धाकट्याने सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारच्या जेवणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. सगळं तिथेच टळण्यासारखं होतं, आणि टळलं नाही याचं कारण नुसतं अज्ञान नव्हतं. मावसभावाने गाडी मागितल्यावर "आधी सर्टिफिकेट बघू" म्हणणं आपल्याकडे परकेपणाचं वाटतं. देणाऱ्याला ते कंजूषपणाचं वाटतं, मागणाऱ्याला अविश्वासाचं. धाकट्याला थोडी शंका आली होती, म्हणून तर त्याने रात्री नंबर टाकून पाहिला. पण ती दादाला बोलून दाखवली नाही, एकट्याने गुपचूप तपासली. बोलला असता तर थोरल्याने सर्टिफिकेट उघडलं असतं, दोन नावं दिसली असती, आणि पाच मिनिटांत काम झालं असतं.

धाकटा घरात राहायला आला त्या आठवड्यात त्याचं नाव पॉलिसीवर घालायला हवं होतं, असं थोरला म्हणतो. मला ते पूर्ण पटत नाही. नवा परवाना असलेल्याचं नाव वर्षभरासाठी घातलं की हप्ता बराच चढतो, आणि धाकट्याला गाडी वर्षातून दोनदा लागत असे. अशा घरांसाठी दिवसाचं कव्हर बरं. फक्त ते गाडी सुरू करायच्या आधी घ्यायचं. रात्रपाळीला जाताना गाडी दुसऱ्याच्या हाती असेल तर वॉर्डचा फोन नंबर घरी लिहून ठेवायला हवा होता, हे मात्र दोघांनाही पटलं आहे. तो आता फ्रिजवर लावलेला आहे, लॉगबुकची प्रतही त्याच चुंबकाखाली.

आणि देणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट, जी मलाही या प्रकरणातच शोधताना सापडली. १९७४ च्या न्यूबरी विरुद्ध डेव्हिस या खटल्यात उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की "तू विमा काढलास तरच गाडी ने" अशी अट घालून दिलेली परवानगी, अट पाळली गेली नाही तर, परवानगीच नव्हे. म्हणजे अट स्पष्ट घातलेली असेल तर मालकावर चालवू दिल्याचा ठपका येत नाही. थोरल्याच्या "विचारतोस काय, घेऊन जा" मध्ये अट नव्हती.

डिसेंबरमध्ये त्याच्या वॉर्डमधल्या एका मराठी सहकाऱ्याने सामान हलवायला गाडी मागितली. थोरल्याने मला तो मेसेज दाखवला. "देतो. आधी स्वतःच्या नावाचं दिवसाचं कव्हर घे आणि सर्टिफिकेट मला पाठव, मग चावी." समोरून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "एवढा विश्वास नाही का?" थोरल्याने पेट्रोल पंपावरची सगळी हकिगत त्याला लिहून कळवली. नऊ चाळीसला सर्टिफिकेट आलं. त्याने नाव, गाडीचा नंबर आणि वेळ तपासली, आणि खाली जाऊन चावी दिली.